पेटीवाले आयर्नमॅन

पुण्यात बाणेर-बालेवाडीकडच्या मोठ्या सोसायट्यांत आताशा एखादा तरी आयर्नमॅन असतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, आयटीत वरचा हुद्दा, पायांवरचे केस सफाचट. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर ४२.२ किलोमीटर धावायचं, हे सगळं १७ तासांत उरकायला तो मलेशियात लंकावीला निघतो. समुद्राची त्याला भीती नाही. भीती चेक-इनच्या काउंटरची.

सायकल पेटीत घालून विमानाने न्यायची, म्हणून आठवडाभर आधीच हॉल ताब्यात घेतला जातो. टीपॉय गॅलरीत, सोफा भिंतीला. एसीच्या पाइपला घालतात त्या काळ्या फोमच्या नळ्या सायकलच्या फ्रेमला चढतात, टायरमधली हवा कमी होते, हँडल आडवं होतं. पेडल मात्र हटून बसतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे तो दर वेळी विसरतो आणि घाम गाळत ते आणखीच आवळत बसतो. शेवटी वॉचमन येऊन एका झटक्यात सोडवून देतो. त्याची स्वतःची सायकल अॅटलस आहे.

ग्रॅम-ग्रॅम वाचवायला याने टायटॅनियमचे बोल्ट बसवलेत. कार्बनची सायकल आठ किलोची. तिला सांभाळणारी पेटी अकरा किलोची. मग वजनाचा मेळ बसवायला बायकोच्या बॅगेतून दोन ड्रेस बाहेर निघतात आणि तिथे एनर्जी जेलची पाकिटं जातात. ती वाद घालत नाही. चाकांच्या फटीत बाकरवडी आणि भाजणीच्या पिशव्या कोंबते आणि म्हणते, "असू दे, तेवढंच पॅडिंग."

पेटी साध्या टॅक्सीत मावत नाही, म्हणून इनोव्हा. तीत आधी पेटी बसते, मग उरल्या जागेत माणसं. वाटेत फूड मॉलला सगळे वडापाव खायला उतरतात. हा पेटीला राखण.

काउंटरवरच्या मुलीने "सर, आधी कळवलंय का?" एवढं विचारायचा अवकाश, फोनमधले ईमेल, फाइलीतले प्रिंटआउट, नियमांच्या अधोरेखित प्रती असे एकेक पुरावे निघू लागतात. मागची रांग चुळबुळते. तिने फक्त हो किंवा नाही विचारलेलं असतं.

पुढे तपासणीला पेटी उघडावी लागते. जवान आत डोकावतो, फ्रेमवर टिचकी मारतो आणि किंमत विचारतो. बायको चहा आणायला गेलेली, म्हणून हा खरी सांगतो.

"साढ़े चार लाख? बिना इंजन की?"

जवानाचा आवाज खणखणीत, आणि बायको हातात दोन कप घेऊन नेमकी मागेच उभी. घरी सांगितलेला आकडा दीड लाखाचा होता. लंकावीपर्यंतच्या प्रवासात दोघांत जे काही बोलणं झालं, ते सगळं हवाईसुंदरीमार्फत.

परतल्यावर लिफ्टमध्ये कोणीतरी विचारतं, "काय, झाली का शर्यत पुरी?"

"झाली हो, झाली. पण ऐका तर, क्वालालंपूरला पेटी आलीच नाही ना आधी..." आणि नववा मजला आला तरी हा लिफ्टचं दार धरून उभाच.