उसना गळा

संगीत नाटकाचा सिनेमा काढणाऱ्यांनी एक थोर शोध लावला आहे: नटाने गायची गरज नाही, ओठ हलवले की पुरे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आलं, त्याचा चित्रपट २०१५मध्ये निघाला. १९११ सालचं ‘संगीत मानापमान’ पडद्यावर पोचायला २०२५ उजाडलं. मधल्या काळात तंत्राने एवढी मजल मारली की गाणारा आणि दिसणारा यांची आता भेटही व्हावी लागत नाही.

त्यातही ‘कट्यार’ची गंमत न्यारी. सगळा झगडा गळ्याचा. कुठल्या घराण्याची गायकी कुणाच्या गळ्यात उतरावी, कुणी ती चोरून ऐकली, यावरून शस्त्र उपसण्यापर्यंत मजल जाते. आणि हीच गोष्ट पडद्यावर सांगताना एखाददुसरा अपवाद सोडला तर पात्रांचे गळे उसने! गायकीची चोरी पकडायला निघालेल्या माणसाचा आवाजच दुसऱ्याच्या मालकीचा. गोष्टीतल्या राजगायकाच्या कट्यारीला एक खून माफ असतो. तो बहुधा इथेच खर्ची पडला.

यावर ठरलेलं उत्तर येतं की सिनेमा हे वेगळं माध्यम आहे, पार्श्वगायन ही त्याची रीतच आहे. रीत आहे, पण जन्मजात नाही. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त, आपल्या पहिल्या मराठी बोलपटात, नटच गायले, पार्श्वगायन आपल्याकडे रुजलं ते १९३५नंतर. म्हणजे अडचण माध्यमाची नाही, सोयीची आहे. दुसरं उत्तर असं की या चित्रपटांमुळे नवी पोरं नाट्यसंगीत ऐकू लागली. खरं आहे, आणि चांगलंच झालं. पण त्यांनी ऐकलं ते गाणं. गाता गाता भूमिका करणारा माणूस त्यांनी पाहिलाच नाही, आणि संगीत नाटक म्हणजे तोच माणूस.

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं: अभिनय आणि गाणं दोन्ही जमणारी माणसं आता मिळतात कुठे? गोंदिया जिल्ह्यात मिळतात. दिवाळी सरली, धान निघाला, की अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडे मंडईची जत्रा भरते, बैलांचे शंकरपट होतात आणि रात्री दहानंतर आमच्या या भागाचं, म्हणजे झाडीपट्टीचं, नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. हाडं गोठवणाऱ्या थंडीत नायक स्वतः गातो, आणि ओठ नि आवाज एकाच माणसाचे असतात. आई शेवटच्या घटका मोजत असते, मुलगा पद म्हणतो, मागून आरोळी येते, “होऊ दे गा अजून एकदा!” मुलगा पुन्हा गातो. आई तेवढा वेळ मरण लांबवते. तिसऱ्यांदा फर्माईश झाली तर तिसऱ्यांदाही लांबवते, आणि मग रीतसर मरते. पुण्या-मुंबईचे जाणकार याला भडक म्हणतात, बाळबोध म्हणतात. आईचं मरण थांबलं तर बाळबोध, आणि एकाच्या तोंडून दुसरा गायला तर ती कला? शहाण्यांनो, आमच्या नटाला चूक झाल्यावर दुसरा टेक मिळत नाही, त्याचा बेसूर कुठलं यंत्र पुसत नाही, आणि तुम्ही आम्हाला अभिरुची शिकवता! झाडीपट्टी धुतल्या तांदळासारखी नाही, हेही कबूल. अधेमधे घुसवलेल्या रेकॉर्डिंग डान्सने नाटकाचा पार विचका केला आहे, आणि त्यासाठी आमच्या मंडळ्यांनाही धारेवर धरायलाच हवं. पण त्या डान्सला निदान कुणी ‘संगीत’ म्हणून मिरवत नाही.

म्हणून एक सूचना. संगीत नाटकावरचा पुढचा सिनेमा सेन्सॉरकडे नेण्याआधी त्यातल्या नायकाला एका रात्रीसाठी मंडईत पाठवा. एकच पद म्हणायचं, पेटी-तबल्यावर, स्वतःच्या गळ्याने. जमलं तर वन्स मोअर मिळेल. नाही जमलं तर पब्लिक आवाज देईल, आणि तो उसना नसेल.