रबराचे तीनशे रुपये

‘डिस्प्ले येत नाही’ एवढं म्हटलं, की ज्याच्या घरी कधीकाळी डेस्कटॉप होता त्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि काळ्या मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येरझाऱ्या घालतंय.

अशा वेळी आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत माझं नाव निघतं. माझ्याकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आहे आणि ते लॅमिनेट केलेलं आहे. ग्रुपवर मला ‘सर’ म्हणतात. कुणाचा प्रिंटर अडला की मी आधी चष्मा पुसतो, मग नुसतं “हं” म्हणतो. माझी निम्मी प्रतिष्ठा या “हं”वर उभी आहे.

तेव्हा माझ्याच घरचा डिस्प्ले गेल्यावर किरकोळ निदानावर भागण्यासारखं नव्हतं. बायको म्हणाली, “वायर हलली असेल.” सरांच्या घरी वायर हलत नसते, बोर्ड जातो. मी एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड अशी एकाहून एक महाग कारणं सांगितली. केबल दाबून पाहिली ती ही स्वयंपाकघरात गेल्यावर. मॉनिटर मुलाच्या लॅपटॉपला जोडला, तर झकास चालला. म्हणजे दुखणं आतलं.

आतलं दुखणं यंत्र स्वतःच सांगतं, हे मी सोसायटीला अनेकदा ऐकवलेलं आहे. चालू होताना मदरबोर्ड सगळ्या भागांची हजेरी घेतो आणि कुणी गैरहजर असला तर बीप वाजवतो. १९८१ च्या आयबीएम पीसीवर एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब, दोन छोटे म्हणजे डिस्प्लेची तक्रार. मी कॅबिनेटला कान लावला. काही नाही. बीप वाजवणारा नखाएवढा स्पीकर हल्ली कॅबिनेटमध्ये बरेचदा देतच नाहीत. विद्या होती, ऐकू काही येत नव्हतं.

शेवटी खांदा कॉलनीतला रिपेअरिंगवाला पोरगा आला. बाजूचं झाकण काढलं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली, ती गेली कुठे, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. बरीचशी माझ्या कॅबिनेटात होती. त्याने ब्रश फिरवला, मदरबोर्डवरून नजर फिरवली आणि विचारलं, “काका, खोडरबर आहे का? वासाचं नको.”

रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून त्याने पट्टी कडेला धरून उपसली. बोर्डापासून लांब नेऊन तिचे सोनेरी दात एकाच दिशेने हलके हलके घासले. रबराचा काळा चुरा माझ्या टीपॉयवर पडला. पट्टी परत बसवली, दोन्हीकडून ‘टक्’ आवाज आला. बटण दाबलं. डिस्प्ले आला.

इथे मला प्रिस्टली आठवतो, आणि तो आठवला की मला आवरणं कठीण. जोसेफ प्रिस्टली हा इंग्रज धर्मोपदेशक. पेन्सिल खोडायला रबर छान, असं त्याने १७७० मध्ये लिहून ठेवलं. तोवर लोक पावाच्या तुकड्याने खोडत. अर्ध्या इंचाचा रबराचा ठोकळा लंडनमध्ये तीन शिलिंगला मिळतो, हेही त्याने नोंदवलं. आणि चारच वर्षांनी याच गृहस्थाने ऑक्सिजन वेगळा करून दाखवला! आता पाहा, रॅमच्या दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ. आपल्या खाडीकडच्या दमट हवेत त्याच्या बारीक छिद्रांतून खालचा धातू गंजतो, वर मळ बसतो. म्हणजे आरोपी ऑक्सिजन, सोडवणारं रबर, दोघेही प्रिस्टलीच्या ओळखीचे. मी हे सगळं त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, “तीनशे झाले, काका.”

“अरे, रबर माझंच होतं!”

तो हसला नाही. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात काम शिकला, हार्बर लोकलने उभ्याने जाऊन-येऊन. आता डेस्कटॉपची कामं फारशी येत नाहीत, म्हणून सीसीटीव्ही बसवतो. “बोर्ड गेलाय” असं त्याने म्हटलं असतं, तर मी काही हजार मुकाट मोजले असते, वर ते ग्रुपवर मिरवलंही असतं. भाग बदलणाऱ्याला आपण बिलाप्रमाणे पैसे देतो. काय बदलायची गरज नाही, हे ज्याला कळतं, त्याच्याशी मात्र घासाघीस करतो. आणि मग “हल्ली प्रामाणिक माणसं राहिली नाहीत” म्हणून उसासे टाकतो. याची मला खरोखर चीड येते, आणि चीड आली तेव्हाही मी दोनशेवर अडून बघतच होतो.

तीनशे दिले. ग्रुपवर ‘रॅम ऑक्सिडेशनचा इश्यू होता, सोडवला’ असं टाकलं. कुणी सोडवला, ते कुणी विचारलं नाही.

तुमचा डिस्प्ले गेला असेल, तर रॅमला हात लावण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करून पिन काढा. कॉम्प्युटर नुसता शटडाउन केला तर एसएमपीएस बोर्डाला पाच व्होल्ट पुरवतच राहतो. रबर साधं पांढरं घ्या. तरीही नाहीच आला, तर मला विचारू नका. त्या पोराला बोलवा, आणि तो मागेल तेवढे द्या.