गाडी कुठं बंद पडली?

पत्रिका बघताना नाडी बघतात, गण बघतात, मंगळ बघतात. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, हे कुणी बघत नाही. पिंपरी-चिंचवडला मुलगी देणाऱ्यांनी तरी ते बघावं. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. मी महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवते, माझी सुट्टी रविवारी. त्यामुळे गुरुवारी हे घरी एकटे, रविवारी मी घरी एकटी, असा आमचा संसार दोन पाळ्यांत चालतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, म्हणूनच टिकलाय.

हे भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. चाकणच्या गाड्यांना लागणारे ब्रॅकेट तिथं बनतात. ब्रॅकेट म्हणजे नेमकं काय, हे मला अजून समजलेलं नाही. गाडीत कुठंतरी ते कशाला तरी धरून ठेवतं, एवढं खरं. पण त्याचं एक भोक केसभर सरकलं की चाकणहून फोन येतो आणि हे भरल्या ताटावरून उठतात. मग चाकणच्या तळेगाव चौकातली ती गर्दी. १६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला शाहिस्तेखानाला ५६ दिवस लागले ते फिरंगोजी नरसाळ्यामुळे, असं मी मुलांना शिकवते. यांचं मत असं की, निम्मी फौज चौकातच अडकली असणार.

डॉक्टरांनी यांना चालायला सांगितलं तेव्हा निगडीच्या दुर्गादेवी टेकडीवर चालणं सुरू झालं. क्वालिटीचा माणूस नुसता चालत नाही. फेरीची वेळ, नाडीचे ठोके, प्यायलेलं पाणी, सगळं वहीत. महिन्याभरात आलेख चढून सपाट झाला आणि हे कंटाळले. त्यातच कुठंतरी बातमी वाचली की भारताचा समुद्रकिनारा ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ किलोमीटर झाला. मी वर्गात वर्षानुवर्षं पहिला आकडा पाठ करून घेतलेला. समुद्र काही वाढलेला नव्हता. आधीचं मोजमाप ढोबळ नकाशावरचं, नवं बारीक नकाशावरचं. बारीक मोजलं की प्रत्येक खाडी, प्रत्येक वळसा हिशेबात येतो आणि लांबी वाढते. मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा मोठा. हे ऐकून यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी साखरपुड्यातसुद्धा पाहिली नव्हती.

"अगं, म्हणजे पावलानं मोजला तर?"

असं ठरलं. आंजर्ल्यापासून लाडघरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं चालायचं आणि तंबूत राहायचं. माघ पौर्णिमेचा मुहूर्त मी काढला, कारण पौर्णिमेला कोकणात भर दुपारी भरती असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ. ओल्या, घट्ट वाळूवरून गार वेळी चालावं, ऊन चढलं की कुणाच्या तरी पडवीत जेवून आडवं व्हावं, असा माझा बेत. माझ्या किरकोळ रजेला यांच्या एका कॉम्प ऑफची जोड मिळाली आणि वल्लभनगरच्या स्टँडवरून आम्ही दापोलीची एसटी धरली.

तंबू ऑनलाइन आला होता. "दोन माणसांचा" असं त्यावर लिहिलेलं. ही दोन माणसं कोण असतात, ती काय खातात, त्यांचं एकमेकांशी कितपत सख्य असतं, याचा खुलासा कंपनीनं केला नव्हता. घरी हॉलमध्ये सराव झाला. यांनी उभारणीची कार्यपद्धती लिहून काढली, नऊ पायऱ्यांची, फोटोंसकट, आणि लॅमिनेट करून आणली. पायरी चारमध्ये "सहायकाने विरुद्ध टोक धरावे" असं होतं. सहायक कोण, ते विचारायची गरज नव्हती.

आंजर्ल्यात उतरून आधी कड्यावरच्या गणपतीला गेलो. हे देऊळ पूर्वी खाली समुद्राकाठी होतं, पाणी चढत आलं तेव्हा देव टेकडीवर आला, असं सांगतात. आम्ही चिंचवडची माणसं. आमचे मोरया गोसावी पवनेच्या काठी समाधिस्थ, आणि दर पावसाळ्यात पवना त्यांच्या भेटीला थेट आत येते. ते जागचे हलत नाहीत. इथला गणपती मात्र पाणी बघून वेळेवर वर सरकला. यांनी घाट उतरताना जाहीर केलं की सेफ्टी मार्जिनचा इतका जुना दाखला त्यांनी पाहिला नव्हता.

खाली गावात पाठीवर बोजे घेऊन शिरलो, तर पहिल्याच आजोबांनी विचारलं, "गाडी कुठं बंद पडली?"

गाडी नाही, चालत आलोय, म्हटल्यावर त्यांनी यांच्याकडे आणि मग माझ्याकडे नीट पाहिलं. पुण्याकडची माणसं म्हणजे गाडी. गाडी नसेल तर बंद पडलेली. पुढं हर्णैत, सालदुऱ्यात, मुरुडात, कर्द्यात हाच प्रश्न आला. कर्द्यात एकानं तर मेकॅनिकला फोनही लावला होता.

भरतीसाठी यांच्या मोबाइलमध्ये ॲप होतं. आजोबा म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा. आज पुनव, पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पाणी भरलेलं." ॲपमध्ये थोड्याच मिनिटांचा फरक निघाला. यांनी लगेच आडाखा मांडला: भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, सूत्रात तिथीमागं ४५ धरलेली, पण तिथी दिवसापेक्षा किंचित लहान, म्हणजे चूक थोडी कमीच होणार, शिवाय पंधरा दिवसांनी अमावास्या-पौर्णिमा आली की मोजणी नव्यानं सुरू, त्यामुळे ती साचत नाही. "आपोआप कॅलिब्रेट होतं!" हे आजोबांना म्हणाले. आजोबा म्हणाले, "असेल. आम्हाला जाळं टाकायचं असतं."

सुरूच्या बनापाशी तंबू लावायला घेतला. पायरी दोनपर्यंत सुरळीत गेलं. हॉलमधल्या फरशीवर खुंट्या ठोकायच्या नव्हत्या आणि इथल्या वाळूत त्या टिकत नव्हत्या. एवढ्यात एक तरुण आला. कासवमित्र. पलीकडं जाळीच्या कुंपणात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपून ठेवली होती, तेव्हा तंबू जरा लांब घ्या आणि कपाळावरचा तो दिवा बंद करा, म्हणाला. पिल्लं उजेडाकडं चालतात. समुद्रावरचा उजेड म्हणून तुमच्या दिव्याकडं आली तर संपलीच. यांच्या दिव्याला तीन प्रकारचे उजेड होते, तिन्ही बाद झाले.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली वेळासला हे काम धरलं आणि मग ते किनाऱ्यानं गावोगाव पसरलं. माद्या रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि मागं न बघता निघून जातात. पिल्लं पन्नासेक दिवसांनी आपापली वर येतात. संध्याकाळी आम्ही पाहिली. तळहाताहून लहान, काळपट, ओल्या वाळूवर वल्ही मारत चाललेली. मी गप्प होते. यांनी विचारलं, "यातली मोठी किती होतात?"

"हजारात एखादं, असं म्हणतात."

हे हादरले. हजारात नऊशे नव्व्याण्णव रिजेक्शन! आणि तरीही हा पुरवठादार कोट्यवधी वर्षं धंद्यात आहे, कुणी ऑडिट केलेलं नाही. रात्रभर हा विषय त्यांनी सोडला नाही.

रात्र मोठीच होती, कारण तंबूत एका वेळी एकच माणूस कुशीवर वळू शकत होतं. दुसऱ्यानं त्या वेळी श्वास सोडायचा. शिवाय दार समुद्राकडं ठेवलेलं, खारे वारे आत यावेत म्हणून. मी सांगितलं होतं की, खारे वारे दिवसा. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडं जातात. सहावीच्या मुलांनाही सांगते. मध्यरात्रीच्या सुमाराला मतलई वाऱ्यानं तंबू पाठीमागून फुगवला. मी डोळे उघडले तर हे जागेवर नव्हते. चांदण्यात पाण्याच्या कडेला सुरूच्या काटक्या रोवत फिरत होते. दर पंधरा मिनिटांनी एक काटकी, म्हणजे उधाणाचं पाणी कितपत चढतंय ते कळणार. आजोबांच्या सव्वाअकरानंतर थोड्या वेळानं पाणी थांबलं, तंबूपासून चांगलं लांब. हे परत आले तेव्हा त्यांच्या जागेवर गावातलं एक तांबूस कुत्रं झोपलं होतं. त्याला उठवायला माझी तयारी नव्हती. दोन माणसांच्या तंबूत माणसं किती असावीत, हे त्यानं आमच्याआधी ओळखलं होतं.

पहाटे पुरती ओहोटी झाली आणि आम्ही पूल ओलांडून हर्णैला गेलो. दिवसभर रेंगाळून संध्याकाळचा लिलाव पाहिला, आणि या सहलीतलं मला काही पुन्हा बघायचं असेल तर ते हे. होड्या किनाऱ्याला लागत नाहीत, तेव्हा बैलगाड्या पाण्यात शिरतात आणि मासळी घेऊन येतात. समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर ढिगांच्या ओळी, आणि त्यांच्याभोवती मावश्यांचा कल्ला. कुणी काही तोलत नव्हतं. एका नजरेत ढीग पाहायचा, आकडा फेकायचा, मान हलली की सौदा. यांनी एकीला विचारलं, अंदाज चुकला तर? ती म्हणाली, "चुकला तर उद्या नवरा जेवत नाही." सुरमईच्या ढिगापुढं उकिडवे बसून हे बराच वेळ तो व्यवहार बघत होते. शेवटी मला म्हणाले, "आमच्याकडं हिला इनकमिंग इन्स्पेक्शनला घेतलं पाहिजे." तोवर तिनं आम्हाला आमच्या तोंडाकडं बघून नेमके तेवढेच बांगडे दिले होते, जेवढे आम्ही खाऊ शकलो.

मुरुड महर्षी कर्व्यांचं गाव. कोवळ्या वयात ते इथून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले, सह्याद्री चढून, आणि तिथं परीक्षकांनी वयानं लहान दिसतो म्हणून बसू दिलं नाही. मग परत. पुढं १०४ वर्षं जगले, ते त्या चालण्यामुळं असेल, असं हे म्हणाले. यांच्या अंगात घाम शोषणारा शर्ट, हातात दोन काठ्या, गुडघ्याला पट्टा. कर्व्यांच्या पायांत काय होतं, हा विषय मी काढला नाही.

मुरुड ते कर्दे सलग वाळू आहे. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती संपवली आणि लाडघरला तंबू उघडायच्या बेतात होतो, तर जिथं जेवलो त्या घरच्या काकू बाहेर आल्या. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वर सोलकढी असं जेवण झालं होतं. त्यांनी यांच्या हातातला लॅमिनेट केलेला कागद वाचला, पायरी चारपाशी माझ्याकडं पाहिलं आणि पडवीत दोन गाद्या टाकल्या. मी त्या गादीवर पाठ टेकली तेव्हा सहाव्या पायरीवर काय आहे, हे जाणून घ्यायची इच्छा कायमची गेली. हे थोडा वेळ तंबूत पडले, तत्त्वासाठी. मग आले.

तेव्हा किनाऱ्यावर जरूर चाला. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास जा, तिथीची पाऊणपट करा, कासवांच्या गावात दिवे बंद ठेवा. गाडी बंद पडली का, असं विचारलं तर हो म्हणा, चहा मिळतो. तंबू मात्र नेऊ नका. कोकणात दर गावाला पडवी आहे.

आमचा विकायचा आहे. दोन माणसांचा, एकाच रात्रीचा वापरलेला, खुंट्या पूर्ण, आत थोडे तांबूस केस. निगडीत येऊन घेऊन जावा. कार्यपद्धती मोफत.