पपीहा आणि तिसरा मजला

"काकू, आजही सुरू?"

"सहाला तंबोरा लागलाय तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचा. ‘बोल रे पपीहरा’! त्याआधी चारपासून हा बदामावरचा कोकीळ. माणसानं झोपायचं कधी?"

"तो तिलाच साथ देत असेल."

"कसली साथ! त्याचा डोळा कावळ्याच्या घरट्यावर. हा ओरडून कावळ्याला मागे लावतो, तेवढ्यात बायको अंडं घालून मोकळी. आणि पपीहा म्हणजे हा नव्हेच. गावाला पेरणीआधी ‘पेर्ते व्हा’ करत बोंबलतो ना, तो पावशा. माहीममध्ये कोण पेरणार आहे?"

"पण गाणं ‘गुड्डी’तलंच ना, जया भादुरीचं?"

"तिथंच घोळ आहे वहिनी. ‘गुड्डी’ १९७१चा. मियाँ मल्हारातली ही बंदिश त्याच्या कितीतरी आधीची. वसंत देसाईंनी तोच राग धरला, शब्द गुलजारांचे, झालं ‘बोले रे पपीहरा’. देसाई आपले सावंतवाडीकडचे हो! आणि गायली कोण, तर वाणी जयराम. तमिळ मुलगी, लग्न करून मुंबईत आली, बँकेत नोकरी. उस्ताद अब्दुल रहमान खाँकडे शिकायला लागली आणि गाण्यापायी नोकरी सोडली. बँकेतली! आमच्या सुनेला सांगून बघा."

"मग या पोरीचं काय चुकतंय?"

"सिनेमातल्या हरकती बंदिशीत घालते. परवा जिन्यात ऐकलं मी, दार उघडंच होतं. पावशा कसा एकेक हाक वर चढवत नेतो आणि टोकाला जाऊन एकदम गप्प? ही पण तशीच तारसप्तकात पळत सुटली. तिच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, अगं, तूच पक्षी झालीस तर त्याला विनवायचं कुणी? खाली ये खर्जात. मग स्वतः गाऊन दाखवलं. कोमल निषाद आणि लगेच शुद्ध, आपल्या दोघींसारखे, कठड्याला कठडा लावून. भाजीची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले मी. मेथी कोमेजली."

"गणपतीत म्हणणार आहे म्हणे?"

"नाव दिलंय. पावसाळ्यात मल्हार कधीही चालतो, त्याचं काही नाही. पण आधी सेक्रेटरींच्या सुनेची लावणी, मग त्यांचं भाषण. पोरीचा नंबर लागेपर्यंत दहा वाजणार आणि स्पीकर बंद!"