आपापल्या पायांवर

इंग्लंडात ब्लॅकपूल नावाच्या समुद्रकाठच्या गावात १९२०पासून बॉलरूम नाचाचा महोत्सव भरतो. तिथल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये नाचणाऱ्या बायका बघितल्या की वाटतं, देवानं यांना मणके जास्तीचे दिले असावेत. कंबर जोडीदाराला लगटून आणि डोकं डावीकडे, मागे, पार शेजारच्या जोडीच्या हद्दीत. सगळा वॉल्ट्झ त्या अशाच नाचतात, तोही निम्म्याहून जास्त वेळ उलट्या पावलांनी, टाचेच्या बुटांवर आणि हसऱ्या चेहऱ्यानं. नवऱ्याकडे न बघता त्याच्याबरोबर चालायची सवय मलाही आहे, पण ती तुळशीबागेतली. तिथे मानेला एवढे कष्ट पडत नाहीत.

भाच्याचं लग्न मडगावला ठरलं आणि आम्ही नाचाच्या क्लासला जायला लागलो. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ झाला की बाकीच्यांनीही उतरायचं असतं. तिथल्या ऐंशीच्या आजी नातवाला सहज गरगर फिरवतात आणि पुण्याकडची पाहुणेमंडळी भिंतीला टेकून जेवण किती वाजता आहे याची चौकशी करतात. हे चित्र या खेपेला तरी बदलायचं होतं. सरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला हात धरून उभं केलं, भोवती एक चक्कर मारली आणि यांना विचारलं, “काका, तुम्ही काकूंना धरलंय, की काकूंनी तुम्हाला?”

प्रश्न आमच्या संसारालाच हात घालणारा होता, पण सरांना म्हणायचं होतं ते शरीराबद्दल. बॉलरूममध्ये एकमेकांवर रेलायचं नसतं. दोघांनी आपापल्या पायांवर पुरतं उभं राहायचं आणि मग एकमेकांना जेमतेम स्पर्श करायचा. एकाचा तोल गेला की दुसरा सावरायला जातो, सावरताना खांदे उचलतो, खांदे उचलले की श्वास अडकतो आणि वॉल्ट्झची कुस्ती होते. क्लासमधल्या बहुतेक नवऱ्या-बायकांची हीच तऱ्हा होती. इतकी वर्षं सांभाळून घेतल्यावर न सांभाळता उभं राहणं अवघड जात असावं. सरांनी उपाय सांगितला: आठवड्यातून दोनदा योग आणि दोनदा पिलाटेस, आणि तेही वेगवेगळ्या चटयांवर.

आता योगासनांसाठी पुणेकराला लांब जायला नको. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली या गावात आले आणि १९७५मध्ये त्यांनी पत्नीच्या नावानं उभारलेली संस्था मॉडेल कॉलनीत आहे. जगभरातून माणसं तिथे येतात आणि आधी काय शिकतात, तर उभं राहायला. ताडासन. आपण त्याच रस्त्यानं स्कूटरवरून भाजी आणायला जातो. अय्यंगारांच्या पठडीतल्या आमच्या बाई ताडासनावर इतका वेळ घालवतात, की यांनी एकदा हळूच विचारलं, “आसन कधी सुरू होणार?” पण नाचणाऱ्याचं सगळं भांडवल त्यातच आहे. अंगठ्याखालची उशी, करंगळीखालची कड आणि टाच, तिन्हींवर सारखं वजन द्यायचं. माझं वजन कायम डाव्या टाचेवर असतं हे मला तिथे कळलं. उलटं चालताना डावा पाय मागे टाकायला मला उशीर का होतो, तेही.

पिलाटेसचा माणूस जर्मन. जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३. लहानपणी त्याला दमा, मुडदूस आणि संधिज्वर. आपले अय्यंगार जन्मले १९१८च्या एन्फ्लुएंझाच्या साथीत आणि पोरवयात मलेरिया, टायफॉइड, क्षय यांतून निभावले. दोन आजारी पोरांनी मोठेपणी साऱ्या धडधाकट जगाला व्यायामाला लावलं, याची मला फार मौज वाटते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी पिलाटेसला आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत डांबलं. तिथे त्यानं आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, अशी गोष्ट सांगतात. पुढे तो न्यू यॉर्कला गेला आणि त्यानं एट्थ ॲव्हेन्यूवर स्टुडिओ थाटला. जॉर्ज बॅलंचिन आणि मार्था ग्रॅहॅम हे नृत्यदिग्दर्शक आपले दुखावलेले नर्तक त्याच्याकडे पाठवू लागले. १९४५च्या त्याच्या पुस्तकात चटईवरचे चौतीस व्यायाम आहेत आणि फोटोंत साठीचा पिलाटेस स्वतःच ते करून दाखवतोय, आखूड चड्डीवर. ते पोट बघून हे दोन दिवस भात जेवले नाहीत.

वॉल्ट्झमध्ये चढणं सोपं, उतरणं कठीण. एक, दोन, तीन. एकाला पाऊल टाकायचं, दोन-तीनला चवड्यांवर उंच व्हायचं आणि तीन संपता संपता अलगद खाली यायचं. मिनिटाला नव्वदच्या आसपास ठोके पडतात, म्हणजे या अलगदपणाला सेकंदसुद्धा मिळत नाही. बहुतेकजण इथे धपकन आदळतात. पिलाटेसच्या रिफॉर्मरवर, म्हणजे त्या स्प्रिंगांच्या सरकत्या बाकावर, उताणं पडून चवड्यांनी दांडी रेटायची आणि टाचा सावकाश खाली सोडायच्या. आपण ढिलाई केली की स्प्रिंग बाक खाडकन ओढून घेते आणि सगळ्या वर्गाला कळतं. आपटणं इतक्या जाहीरपणे ऐकू यायला लागलं की माणूस चटकन सुधारतो. रिफॉर्मरचे वर्ग महाग आहेत, म्हणून आम्ही ते जपून करतो. घरी जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून तेच करता येतं, फक्त खाडकन आवाज तोंडानं काढावा लागतो.

नाचताना डोकं मागे नेलं की अडणाऱ्या माझ्या मानेचं गूढ मात्र एका खुर्चीनं सोडवलं. योगाच्या वर्गात पाठीचा पत्रा काढलेल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या असतात. त्या मोकळ्या चौकटीतून पाय घालून बसायचं आणि मागे रेलत जायचं, बैठकीची कड खांद्याच्या पात्यांखाली येईपर्यंत. डोकं उलटं लोंबतं. पहिल्यांदा पंखा, मग भिंतीवरचं घड्याळ आणि शेवटी मागच्या रांगेतल्या बाईंच्या पायाची बोटं उलटी दिसतात. तेव्हा लक्षात आलं, की आपण इतके दिवस वाकत होतो ते मानेतून आणि कमरेतून. मधली पाठ बिचारी कपाटासारखी ताठ. ब्लॅकपूलच्या बायकांचं डोकं मागे जातं ते या मधल्या पाठीतून, मान तिच्यामागून नुसती जाते.

पण ते डोकं कायम डावीकडेच. जोडीदाराच्या किंचित उजव्या अंगाला उभं राहायचं, म्हणजे शरीराचा पीळही ठरलेलाच. वर्षानुवर्षं असं नाचलं तर माणूस एका बाजूला शिवून टाकल्यागत व्हायचा. आसनांत हा पक्षपात चालत नाही. उजवं त्रिकोणासन झालं की डावं करायचंच.

गोंधळ आहे तो पोटाचा. योगाच्या बाई शवासनात सांगतात, पोट मऊ सोडा. पिलाटेसची मुलगी सांगते, “आँटी, बेंबी पाठीला चिकटवा.” तिथे हात वरखाली पंपासारखे हलवत शंभर मोजायचे असतात, पाच आकड्यांचा श्वास, पाच आकड्यांचा उच्छ्वास, आणि बेंबी सुटता कामा नये. नाचाचे सर म्हणतात, पोट वर, बरगड्या खाली, आणि हसा. तिघांचंही बरोबर आहे अशी माझी खात्री होत चालली आहे. फक्त वॉल्ट्झच्या कुठल्या ठोक्याला कोणाचं ऐकायचं, एवढंच ठरायचंय.

सध्या सरांनी एकमेकांना धरायला बंदी घातली आहे. हॉलमधलं टीपॉय सरकवून आम्ही दोन कोपऱ्यांत दोघं, रिकाम्या हवेला कवेत घेऊन नाचतो. हे दारं-खिडक्या उघड्या ठेवतात, घाम येतो म्हणून. परवा समोरच्या गॅलरीतून आजींनी हाक मारली, “अगं, काही बिनसलंय का दोघांचं?”

“नाही हो आजी,” हे इकडून ओरडले, “बेंबी सुटतेय!”