पट नऊ, गुरुजी एक

शहरातल्या महागड्या शाळेच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास ठळक छापलेली असते: दहा मुलांमागे एक शिक्षक. तेवढ्यासाठी पालक कर्ज काढतात. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत हेच प्रमाण फुकट मिळतं. फक्त तिथं त्याला ‘कमी पट’ म्हणतात आणि शाळेची फाईल वर जाते.

सप्टेंबर 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नमुने पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे. म्हणे, एवढ्या थोड्या मुलांत सामाजिक विकास खुंटतो. खरंय, नऊ जणांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. पण शाळा लांब गेली, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि पोर घरीच बसलं, की त्याचा सामाजिक विकास नेमका कुणाबरोबर होतो?

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर फारच उदार. सुरुवातीच्या तत्त्वांत सांगतं, प्रत्येक मुलाची वेगळी क्षमता ओळखा आणि जोपासा. सातव्या प्रकरणात सांगतं, छोट्या शाळा चालवणं परवडत नाही. मधली प्रकरणं कुणी वाचत नसावं, म्हणून निभावतंय.

आता वर्गात डोकावू. मुलं नऊ, इयत्ता चार, खोली एक. चौथीतला एक जण जोडाक्षर आलं की अडखळतो, पण बोकड केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला, किती सुटले, हे तोंडी सांगतो. तिसरीतली धडा घडाघडा वाचते आणि हातच्याच्या वजाबाकीत अडकते. पहिलीतली घरी पावरी बोलते. तिला उत्तर येतं, मराठीतला प्रश्न कळत नाही. चाळिसांच्या वर्गात हे लक्षात यायला दिवाळी उजाडते. इथं पहिल्या आठवड्यात कळतं. मग इयत्ता गेली उडत! चौथीतला वाचायला दुसरीच्या गटात बसतो आणि गणिताला तिसरीतलीचा मास्तर होतो. असल्या गोष्टीला शहरात वेगळी फी पडते.

अडचण एकच, गुरुजींना वर्गात राहू द्यावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगितले. 2024 मध्ये कमी पटाच्या शाळांत त्यातल्या दुसऱ्याच्या जागी कधी सेवानिवृत्त, कधी कंत्राटी असे शोध लागले. उरलेल्या एकाकडे पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसवर शाळेची माहिती, मतदार यादी, आणि केंद्रावरची मीटिंग. मीटिंगच्या दिवशी शाळा खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या हवाली.

परवाच निरोप आला: वाचनात मागे असलेल्या मुलांची माहिती आज दुपारपर्यंत लिंकवर भरा. रेंजसाठी गुरुजी टेकडीवर गेले. तोवर गणिताचा तास चौथीतल्यानं घेतला.