वॅनिटीवाले शेठ

खालापूर तालुक्यात 'शेठ' ही पदवी मिळवायला दुकान काढावं लागत नाही. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी आणि दारात मोठी गाडी एवढ्यावर ती मिळते, आणि एकदा मिळाली की शेठ कर्जात बुडाले तरी कोणी ती काढून घेत नाही. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे पुरा झाला, २०१३ मध्ये इमॅजिका हे थीम पार्क आलं, मधल्या माळांवर मुंबईकरांची फार्महाऊसं उगवली आणि जमिनीच्या भावांनी घाट चढायला घेतला. ज्या वरकस जमिनीत नाचणीसुद्धा रडतखडत यायची, तिथून शेठांचं भरघोस पीक निघालं. या शेठांनी आधी बुलेट घेतली, मग स्कॉर्पिओ, मग फॉर्च्युनर. पण एका आळीत चार फॉर्च्युनर उभ्या राहिल्यावर पाचव्याला कोण विचारतो? आता वेगळं काय घ्यायचं, या पेचातून खोपोलीत वॅनिटीवाले शेठ निपजले.

त्यांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. अंगणात मिनीबसएवढी पांढरी गाडी, काळ्या काचा, छपरावर एसीचं टेंगूळ, त्यावर निळी ताडपत्री आणि ताडपत्री उडू नये म्हणून चार विटा. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत शेठ, हातात टेस्टर. शेठ गाडीखाली दिसतात, गाडीवर दिसतात, गाडीच्या मागच्या दारात अर्धे आत अर्धे बाहेर दिसतात. स्टिअरिंगवर मात्र क्वचित.

या नादाचं मूळ सिनेमात आहे. नटनट्यांसाठी वॅनिटी व्हॅन नव्वदच्या दशकात हिंदी सिनेमात रुळली. ती आपल्याकडे आणण्याचं श्रेय पूनम ढिल्लन यांना देतात. पुढे २००५ मध्ये नितीन देसाईंचा स्टुडिओ कर्जतजवळ उभा राहिला, 'जोधा अकबर'च्या भिंती तिथं चढल्या आणि चौक-कर्जत रस्त्यानं वॅनिटींची ये-जा सुरू झाली. रस्त्याच्या कडेला सायकली टेकवून काळ्या काचांकडे बघत उभी राहिलेली पोरं आता मोठी झाली आहेत. आत कोण असेल, हे तेव्हा कळलं नाही. आता आत स्वतःच बसायचं, एवढा साधा हिशेब.

शेठांची गाडी अशीच शूटिंगच्या धंद्यातून निवृत्त झालेली. विकणाऱ्यानं किलोमीटर कमी सांगितले आणि हिरॉइनी जास्त. 'हिच्यात फलाणी बसायची' हे वाक्य किमतीत धरलेलं असतं. शेठही ते पुढे चालवतात, फक्त नाव समोरच्याचं वय बघून बदलतात. माझ्या वडिलांना त्यांनी जे नाव सांगितलं, ते माझ्या मुलाला सांगितलेलं नव्हतं. दोघेही आपापल्या परीनं खूश होऊन परतले.

गाडी घेताना शेठांनी काय बघितलं? आरसा बघितला. भोवती दिवे लावलेला, मेकअपचा. त्यापुढे उभं राहून मिशीवरून हात फिरवला आणि व्यवहार ठरला. टायर बघायचे राहिले. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी उभ्या गाडीचं रबर तडकतंच. शेठ मात्र नक्षीवर हात फिरवून म्हणाले होते, "कोरे टायर हाय, काय चालवलीच नाय गाडी!" खरं होतं ते. चालवली नव्हती, कारण चालत नव्हती.

मग कागद. फॉर्म २८ ना-हरकतीचा, २९ आणि ३० नाव बदलायचे. जुन्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसी बुकावर तसाच. तो उतरवायला त्या फायनान्सवाल्याचं पत्र हवं. गाडी पंधरा वर्षांची झाली की पुन्हा नोंदणी आणि वर पर्यावरण कर. त्यात शेठांच्या मनात छपरावर कठडा लावून गच्ची करायची होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे मनमानी बदल करू देत नाही, हे एजंटनं समजावलं तेव्हा शेठ खट्टू झाले. गच्चीची भूक त्यांनी आत भागवली. ओट्याला ग्रॅनाइट बसवलं आणि कोपऱ्यात संगमरवरी देव्हारा. दोनशे लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे भरली की दोनशे किलो, आधीचीच होती. मेस्त्री खाली वाकला, कमानपाटे बघितले आणि म्हणाला, "शेठ, आता देवच तारंल."

वीज हे दुसरं प्रकरण. १९१५ पासून टाटांच्या जलविद्युत केंद्रातून ज्या खोपोलीची वीज मुंबईला जाते, त्या खोपोलीत शेठांच्या बॅटऱ्या कायम बसलेल्या. त्यांचं गणित शेठांना तोंडपाठ आहे. बारा व्होल्टच्या, दीडशे एएचच्या दोन बॅटऱ्या. गुणाकार केला तर साडेतीनएक युनिट. पण शिशाच्या बॅटरीतून अर्ध्याच्या वर काढलं की तिचं आयुष्य झपाट्यानं उतरतं. म्हणजे हाती राहिली पावणेदोन. दीड टनी एसी तासाला दीडएक युनिट खातो. म्हणजे बॅटरीवर थंडावा तासभर. पुढे जनरेटर लावायचा, आणि तो लावला की त्याच्या धडधडीनं झोप उडते. एसी बंद ठेवावा तर उकाड्यानं झोप येत नाही. यातून मार्ग काढून शेठ उन्हाळ्याच्या रात्री घराच्या खिडकीतून वायर सोडतात आणि अंगणात, गाडीत, एसी लावून झोपतात. "रात्री बाहेर होतो," असं सकाळी सांगतात. खोटं नाही.

पावसाळ्यात तेवढंही जमत नाही. बोरघाटाच्या पायथ्याचा पाऊस सीलंटला जुमानत नाही. एसीसाठी छपराला पाडलेलं भोक, खिडक्यांचे रबर, पत्र्याचे सांधे, जिथून वाट मिळेल तिथून तो शिरतो. प्लायवूड फुगतं, गादीला बुरशी धरते, उंदीर वायरिंग कुरतडतात. शेठ छपरावर चढून एक भोक बुजवतात, पाणी पुढच्या भोकातून येतं. वहिनी दारातून बघत असतात. "एका घराचा गळका पत्रा पुरला नव्हता म्हणून दुसरं आणलंय," एवढंच म्हणतात आणि आत जाऊन दुसरं पातेलं पाठवतात.

घाट तर उशालाच आहे. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं. येणारेजाणारे ड्रायव्हर तिथं नाणं टाकतात. शेठांनी पहिल्यांदा नाणं टाकलं, गाडी पुन्हा चालू होईना. मग नोट टाकली. शेवटी लोणावळ्याकडे निघालेल्या एका ट्रकवाल्यानं टोचन लावलं. साखळीला बांधलेल्या गाडीत शेठ ताठ बसले होते. कोणी हसलं तर उत्तर तयार होतं. "१८६३ पासून या घाटातनं रेल्वे जाते. तिलापण कर्जतपासनं मागं इंजिन लावून ढकलतात. आपण काय मोठं लागून गेलो?"

पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल विकणारा बोलत नाही आणि घेणारा विचारत नाही. मैल्याची टाकी. शेठांचा भाचा न्यू जर्सीत असतो. तो तिथली भाड्याची कॅराव्हॅन घेऊन सहकुटुंब हिंडतो आणि व्हिडिओ पाठवतो. तिकडे मुक्कामाच्या मैदानात वीज, पाणी आणि मैला सोडायची सोय जागेवर मिळते. आपल्याकडे राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. ते कात्रण शेठांनी लॅमिनेट करून गाडीत लावलंय आणि आपल्या उरलेल्या दहा गुंठ्यांत असं पार्क काढायचं त्यांच्या मनात आहे. ते निघेपर्यंत टाकी रिकामी करायची खात्रीची जागा एकच, घरामागचा सेप्टिक टँक. त्यामुळे गाडी किती लांब जाणार हे डिझेलवर ठरत नाही, माणसांच्या पोटावर ठरतं.

अष्टविनायकाचा बेत याच कारणानं अर्धवट राहिला. आठांपैकी महड आणि पाली रायगडातच, आणि महड तर खोपोलीच्या दारात. वरदविनायकापासून सुरुवात करायची, मग पाली, मग घाट चढून बाकीचे. अख्खी भावकी गाडीत चढली. चालत्या गाडीत संडास आहे या अपूर्वाईनं महडपर्यंत कोणाला धीर निघाला नाही. तिथं देवळात दर्शनाची रांग होती, तिच्याहून मोठी रांग गाडीत. दुपारी मेस्त्रीनं टाकीचा काटा बघून मान हलवली आणि गाडी पालीऐवजी खोपोलीकडे वळली. वाटेत सगळ्यांनी रमाकांतचे वडे खाल्ले, म्हणजे यात्रा अगदीच वाया गेली म्हणता येत नाही. एक विनायक झाला, सात बाकी. "पावसाळा सरू दे," शेठ म्हणतात. कुठला पावसाळा, ते सांगत नाहीत.

मग ही गाडी कामाला येते तरी कधी? हळदीला. रायगडातली हळद लग्नाहून भारी असते. रात्रभर गाणी, नाच, जेवणावळी. अशा रात्री नवरीच्या मेकअपसाठी शेठांची वॅनिटी मांडवाशेजारी उभी राहते. मांडवाच्या जनरेटरवरून वीज, शेजारच्या विहिरीचं पाणी, घर हाकेवर. आरशाभोवतीचे दिवे लागतात, एसी चालतो, बाहेर पोरं काचांना नाक लावून उभी असतात. शेठ इस्त्रीचा शर्ट घालून पायरीशी उभे राहून एकेकाला आत सोडतात. पांढरी पाटी, खाजगी गाडी, म्हणून भाडं घेत नाहीत. नारळ आणि टॉवेल-टोपी घेतात. अंडरआर्म क्रिकेटच्या सामन्यांत पाहुण्यांना बसायला हीच गाडी, निवडणुकीत उमेदवाराला पाठ टेकायलाही हीच.

अशा रात्री शेठांकडे बघितलं की व्यवहार फसला असं म्हणवत नाही. फिरायला म्हणून गाडी घेतली ही त्यांची समजूत. खरं तर त्यांनी रोज सकाळी उठल्यावर करायला काम घेतलं आणि संध्याकाळी बोलायला विषय घेतला. शेती गेल्यावर या दोन्हींची टंचाई होती. पूर्वी नांगर, बैल आणि बांध यांच्या मागं दिवस जायचा. आता बॅटरी, सील आणि टाकी यांच्या मागं जातो. पैसा दोन्हींत सारखाच बुडतो, पण या गाडीत निदान आरसा आहे.

तुम्हालाही अशी सेकंडहँड गाडी घ्यायची असेल तर शेठ आनंदानं सल्ला देतील. गाडी बघायला जुलैत जा, तेही मुसळधार पावसात. ऊन पडलं असताना गळकी गाडीही कोरडी दिसते. टायरवरचे चार आकडे वाचा, चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघा, बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नका, हिरॉइनीचं नाव विचारू नका. आणि निव्वळ फिरायचंच असेल तर भाड्याची गाडी घ्या, हिंडून या, परत देऊन टाका. विकत त्यांनीच घ्यावी ज्यांच्याकडे अंगण आहे, घरामागं सेप्टिक टँक आहे आणि पातेली पाठवणारी बायको आहे.